पटावरून गळालेल्या मुलांसाठी: उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांचे पदाधिकारी, मराठी शाळांचे शिक्षक आणि सभासद कुटुंबे यांस

स. न. वि. वि.

मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या कमी फीच्या सार्वजनिक कॉलेजात, गेली चौदा वर्षे संख्याशास्त्र शिकवते. कॉलेजचे नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही, कारण जे सांगायचे आहे ते एका कॉलेजापुरते नाही आणि ज्या विद्यार्थ्यांविषयी सांगायचे आहे त्यांची ओळख उघड व्हावी अशी माझी इच्छा नाही. आपल्यापैकी बहुतेकांना कम्युनिटी कॉलेज ठाऊक असते ते दोन कारणांनी. शाळेत शिकणाऱ्या मुलाला उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅल्क्युलसचा किंवा अर्थशास्त्राचा एखादा कोर्स तिथे स्वस्तात करता येतो, आणि लग्नानंतर एच-४ व्हिसावर आलेल्या, नोकरीची परवानगी नसलेल्या आपल्या कितीतरी लेकीसुनांनी हिशेबाचे, संगणकाचे किंवा नर्सिंगच्या पूर्वतयारीचे वर्ग तिथेच करून पुन्हा आपल्या पायांवर उभे राहण्याची सुरुवात केलेली असते. त्या वर्गांत शेजारच्या बाकावर कोण बसलेले होते, याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही. हे पत्र त्या शेजारच्या बाकाविषयी आहे.

तिथे बसणारी मुले बहुधा लॅटिनो, कृष्णवर्णीय, मूलनिवासी किंवा प्रशांत महासागरातल्या बेटांवरून आलेल्या कुटुंबांतली असतात, आणि त्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले तेच पहिले माणूस असते. चार वर्षांच्या विद्यापीठांत या समाजांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कमी आहे, आणि तिथवर पोहोचण्याची त्यांची वाट कम्युनिटी कॉलेजातून जाते. कॅलिफोर्नियात अशी 116 कॉलेजे आहेत. इथल्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे अभ्यासक्रमाच्या एका श्रेयांकाला, 46 डॉलर फी पडते, म्हणजे तीन युनिटांचा एक विषय 138 डॉलरला होतो, आणि उत्पन्न कमी असेल तर तीही माफ होते. आपल्या जुन्या शब्दांत सांगायचे तर त्या मुलांना नादारी मिळते. म्हणूनच मी हा विषय काढला की आपल्या मंडळींकडून पहिला प्रश्न येतो तो असा, की फी माफ आहे तर मग मुले कॉलेज सोडतात तरी का.

कोविडच्या महामारीने या प्रश्नाचे उत्तर उघड्यावर आणून ठेवले. एरवी मंदी आली की कम्युनिटी कॉलेजांची पटसंख्या वाढते, कारण नोकरी गेलेला माणूस नवे काही शिकायला येतो. 2008 नंतरच्या मंदीत तसेच झाले होते. 2020 मध्ये मात्र उलटे घडले. त्या वर्षीच्या शरद सत्रात (ऑगस्ट ते डिसेंबर) देशभरातल्या कम्युनिटी कॉलेजांची पटसंख्या सुमारे 10 टक्क्यांनी घसरली. शाळेतून थेट कॉलेजात येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांत ही घट सुमारे 21 टक्के होती, आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो व मूलनिवासी नवागतांची संख्या तर चतुर्थांशाहून अधिक घटली. कॅलिफोर्नियात 2019 ते 2021 या दोन वर्षांत सुमारे तीन लाख विद्यार्थी पटावरून कमी झाले. वर्गात शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हे आकडे छापून येण्याआधीच दिसत होते, कारण झूमच्या पडद्यावरच्या काळ्या चौकटी आठवड्याआठवड्याला कमी होत होत्या.

कारणे अनेक होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती. शाळा बंद पडल्याने धाकट्या भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी थोरल्या मुलीवर आली. घरात एकच फोन आणि त्यावर चार जणांचे वर्ग. इंटरनेटसाठी मुले कॉलेजच्या रिकाम्या वाहनतळावर गाडीत बसून परीक्षा देत होती. आईवडील किराणा दुकानांत, गोदामांत, शेतांत, वृद्धांच्या सेवेत काम करणारे, म्हणजे टाळेबंदीतही ज्यांना घरी बसता आले नाही असे. त्यांच्या घरांत आजार आधी शिरला आणि कमाई आधी थांबली. नंतर दुकाने उघडली, माणसांची टंचाई झाली, सुरुवातीच्या नोकऱ्यांचा पगार थोडा वाढला आणि भाडे थकलेल्या घरातल्या मुलाने पुस्तक मिटून पूर्ण वेळेची पाळी धरली. त्याला दोष देण्याचा अधिकार मला तरी नाही.

यातल्या एका विद्यार्थिनीविषयी मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिच्या बाबतीत माझीही चूक झाली. 2020 च्या शरद सत्रात ती माझ्या वर्गात होती. पहिल्या दोन चाचण्यांत तिला उत्तम गुण होते आणि तिने विचारलेले प्रश्न मला अजून आठवतात, कारण नमुना आणि समष्टी यांतला फरक तिच्या इतका नेमका फार थोड्यांना पहिल्या महिन्यात उमगतो. सातव्या आठवड्यानंतर ती दिसेनाशी झाली. मी दोन ईमेल पाठवले आणि उत्तर आले नाही म्हणून थांबले. मी फोन केला नाही. तिने वर्ग अधिकृतपणे सोडलेला नव्हता, त्यामुळे सत्राअखेरीस तिच्या दोन विषयांपुढे नापासाचा शेरा पडला. दोन वर्षांनी ती मला एका दुकानाच्या गल्ल्यावर भेटली आणि तिने ओशाळून माझी माफी मागितली, तेव्हा मला सगळी हकीकत कळली. वडील आजारी पडले होते, ती रात्रपाळी करत होती, आणि कॉलेजने उसना दिलेला लॅपटॉप त्या धावपळीत चोरीला गेला होता. त्या लॅपटॉपची किंमत, चारशे डॉलरहून थोडी कमी, तिच्या नावावर थकबाकी म्हणून चढली आणि थकबाकी असल्याने तिचे नाव पुढच्या सत्रासाठी नोंदवून घेणारी यंत्रणा तिच्यापुरती बंद झाली.

एका नापास सत्राचे पुढे काय होते ते आपल्या मुलांच्या बाबतीत आपल्याला सहसा पाहावे लागत नाही, म्हणून इथे लिहिते. केंद्र सरकारची शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी विद्यार्थ्याने घेतलेल्या युनिटांपैकी साधारण दोन तृतीयांश पूर्ण केलेली असावी लागतात आणि सरासरी गुणांक (4 पैकी) 2.0 च्या खाली जाऊन चालत नाही. कॅलिफोर्नियाची फीमाफीही, सलग दोन सत्रे अशी वाईट गेली तर, हातची जाते. म्हणजे ज्या मुलाच्या घरावर सर्वांत मोठे संकट आले, त्याचीच मदत संकटामुळे बंद होण्याची व्यवस्था नियमांतच आहे. यावर उपाय नव्हता असेही नाही. महामारीसारख्या कारणाने वर्ग सुटला तर तो विद्यार्थ्याच्या प्रगतीत धरू नये, यासाठी कॅलिफोर्नियात वेगळा शेरा देण्याची सोय होती आणि एका अर्जाने ती विद्यार्थिनी दोन्ही नापास शेऱ्यांतून सुटली असती. तो अर्ज अस्तित्वात आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. मी सांगू शकले असते.

पैसा आला नाही असे म्हणता येणार नाही. 2020 आणि 2021 मध्ये केंद्र सरकारने तीन कायद्यांद्वारे उच्च शिक्षणासाठी सुमारे 76 अब्ज डॉलर दिले आणि त्यातला मोठा वाटा विद्यार्थ्यांच्या हाती थेट पडला. पहिल्या हप्त्याचे सूत्र पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या हिशेबाने ठरवले गेल्यामुळे, नोकरी करत एकदोन विषय घेणाऱ्यांची संख्या जिथे जास्त त्या कम्युनिटी कॉलेजांच्या वाट्याला डोईगणिक कमी आले, आणि कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांना 2021 च्या मे महिन्यापर्यंत या मदतीतून वगळले गेले. पुढे दोन्ही बाबतींत सुधारणा झाली. त्या काळात माझ्या वर्गातल्या एका मुलाने पाचशे डॉलरच्या मदतीतून गाडीचे ब्रेक दुरुस्त केले आणि तो सत्र पूर्ण करू शकला. हा निधी आता संपला आहे. कॉलेज विद्यार्थ्यांना अन्नसाहाय्य मिळण्याचे नियम महामारीपुरते सैल केले होते, तेही 2023 मध्ये पूर्ववत झाले, आणि आठवड्याला वीस तास काम करण्याची जुनी अट बहुतेकांसाठी पुन्हा लागू झाली.

आता पटसंख्या पुन्हा वाढत असल्याच्या बातम्या येतात आणि त्या खऱ्याही आहेत. पण या वाढीचा एक मोठा भाग शाळेत शिकता शिकता कॉलेजचे विषय घेणाऱ्या मुलांचा आहे, म्हणजे अंशतः आपल्याच मुलांचा. माझा त्यावर आक्षेप मुळीच नाही; कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांचा नोंदणीचा क्रम सहसा सर्वांच्या शेवटी लागतो, त्यामुळे ती कोणाची जागा अडवतात असेही मी म्हणत नाही. मात्र एकूण आकडा भरून आला म्हणून 2020 मध्ये गेलेले विद्यार्थी परत आले असे समजणे हे संख्याशास्त्राच्या पहिल्याच धड्यात न बसणारे अनुमान आहे. काही काळ कॉलेजात घालवून पदवी किंवा प्रमाणपत्राविना बाहेर पडलेली, पासष्टीच्या आतली साडेतीन कोटींहून अधिक माणसे या देशात आहेत. माझी ती विद्यार्थिनी त्यांच्यापैकी एक होती.

मुलांना पटावर टिकवून ठेवण्यासाठी काय करावे लागते, हे गूढ राहिलेले नाही. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत असॅप नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थ्याला फीतली उरलेली तूट भरून मिळते, पुस्तकांसाठी मदत मिळते, भुयारी रेल्वे आणि बसचा पास मिळतो, आणि एक सल्लागार मिळतो, ज्याच्याकडे विद्यार्थ्यांची संख्या मुद्दाम मर्यादित ठेवलेली असते. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकले पाहिजे आणि त्या सल्लागाराला नेमाने भेटले पाहिजे ही अट. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची तुलना झाली तेव्हा तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या गटात 22 टक्के आणि असॅपच्या गटात 40 टक्के आढळले. माझ्या विषयात इतका मोठा फरक क्वचित पाहायला मिळतो, आणि ओहायोतल्या तीन कॉलेजांनी हाच कार्यक्रम राबवला तेव्हा तिथेही तो टिकला. अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने 2011 पासून, थोड्या थकबाकीसाठी नाव कमी होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना शोधून, त्यांनी अर्ज करण्याची वाट न पाहता ती रक्कम भरायला सुरुवात केली. टेक्ससमधल्या अमरिलो कॉलेजने आपल्या विद्यार्थ्यांना अडचणी विचारल्या तेव्हा अभ्यास हे उत्तर वर आलेच नाही. मुलांचा सांभाळ, प्रवास, जेवण, घर आणि बिले ही उत्तरे वर आली, आणि त्या कॉलेजने त्याप्रमाणे स्वतःला बदलले. 2023 मध्ये कम्युनिटी कॉलेजांसाठीचे ॲस्पेन पारितोषिक विभागून मिळालेल्या दोन कॉलेजांपैकी ते एक होते.

न्यूयॉर्कच्या त्या तुलनेचा अहवाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वडिलांची आठवण झाली. माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातून आले आणि रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून, सकाळी शेतात आणि बागेत काम करून शिकले. शिकवणी फुकट असली तरी मूल शाळेत टिकत नाही, त्याला निजायला जागा, दोन वेळची भाकरी आणि चुकले तर कान धरणारे माणूस लागते, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले होते. 1901 मध्ये त्यांनी कोल्हापुरात पहिले विद्यार्थी वसतिगृह उघडले आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम आणि त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीही वसतिगृहे उभी केली. योगायोग असा, की इलिनॉयमधल्या जोलिएट गावी अमेरिकेतले पहिले कम्युनिटी कॉलेज सुरू झाले तेही 1901 मध्येच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसवणारे वसतिगृह काढले, आणि घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा करणारा मुष्टिफंड चालवला. मुलांच्या पोटात अन्न पडावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. असॅपचा बसपास, सल्लागार आणि पुस्तकांची मदत हे सारे आपल्या बोर्डिंगचेच नव्या शहरातले रूप आहे. ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा आणि वडील त्या मुठींवर वाढले आहेत, आणि म्हणूनच हे पत्र मी मराठीत लिहिते आहे.

माझी मागणी आता स्पष्ट मांडते. प्रत्येक मंडळाने आपल्या भागातले एक कम्युनिटी कॉलेज आपले मानावे. कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात, राज्याच्या 2021 च्या कायद्यामुळे, विद्यार्थ्यांच्या अन्न, निवारा अशा मूलभूत गरजा पाहणारे केंद्र आणि त्यासाठी नेमलेला अधिकारी आहे. त्या अधिकाऱ्याला भेटून सध्या कशाची निकड आहे ते विचारावे आणि तेच द्यावे. आपल्याला जे द्यावेसे वाटते ते देऊ नये. बहुतेक वेळा ती निकड म्हणजे तातडीच्या मदतीचा छोटा निधी असतो. चारशे डॉलरमध्ये एका मुलीची काही वर्षे वाचली असती, आणि आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या एका संध्याकाळच्या ध्वनिव्यवस्थेला किती खर्च येतो हे आपण सर्व जाणतो. ती संध्याकाळ रद्द करा असे मी म्हणत नाही, तिच्या तिकिटात दोन डॉलर जास्त घ्या एवढेच म्हणते. आपल्यापैकी पुष्कळ जणांच्या कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात; त्या सोयीचा उपयोग आपण आजवर बहुधा मुलांच्या शाळेसाठी केला आहे.

पैशाहून अवघड मागणी वेळेची आहे. आठवड्यातून एक तास गणित किंवा प्रोग्रॅमिंग शिकवायला येणारी माणसे कॉलेजांच्या अभ्यासकेंद्रांना हवी असतात. निवृत्त होऊन मुलांकडे राहायला आलेले, आयुष्यभर शाळेत शिकवलेले आजीआजोबा इथे दुपारी काय करावे या विवंचनेत असतात. ज्यांना नियमांप्रमाणे स्वयंसेवा करता येते, त्यांना त्या अभ्यासकेंद्रापर्यंत सोडायला फक्त एक गाडी लागेल. आणि आपल्यातले जे नोकरभरती करतात, त्यांना माझी वेगळी विनंती आहे. प्रशिक्षणार्थी निवडताना आपण विद्यापीठाचे नाव आधी पाहतो. एकदा कम्युनिटी कॉलेजच्या दोन विद्यार्थ्यांना बोलावून पाहा आणि त्यांना पगार द्या, कारण बिनपगारी अनुभव घेणे ही चैन त्यांना परवडत नाही.

कॉलेजचे विश्वस्त कॅलिफोर्नियात निवडणुकीने येतात. मतपत्रिकेच्या तळाशी असलेली ती नावे आपल्यापैकी नागरिक असलेले बहुतेक जण न वाचता सोडून देतात. त्या उमेदवारांना विचारावे, की तुमच्या कॉलेजात एका सल्लागाराकडे किती विद्यार्थी आहेत आणि छोट्या थकबाकीसाठी नोंदणी अडवण्याची पद्धत तुम्ही केव्हा बंद करणार.

आपली मदत आधी महाराष्ट्रातल्या मुलांना जावी, असे काही जण म्हणतील. मीही दर वर्षी सातारला पैसे पाठवते आणि पाठवत राहीन. परंतु ज्या गावात आपण घर घेतले, ज्याच्या वाचनालयात आपली मुले वाढली, ज्याच्या दवाखान्यात आपल्या आईवडिलांना हात धरून उठवणारी परिचारिका बहुधा एखाद्या कम्युनिटी कॉलेजातूनच आली आहे, त्या गावाचेही आपण देणे लागतो. महामारीत आपण घरी बसून काम केले तेव्हा आपल्या दारात भाजीची पिशवी ठेवून जाणारा मुलगा माझ्या वर्गातला असण्याची शक्यता मोठी आहे.

माझी ती विद्यार्थिनी गेल्या वर्षी परत आली. थकबाकी एका सहकारी शिक्षिकेने आणि मी मिळून भरली, जुने शेरे बदलण्यासाठीचा अर्ज आम्ही तिघींनी एका टेबलाशी बसून लिहिला, आणि तो मंजूर व्हायला सात आठवडे लागले. तिने पुन्हा माझाच विषय घेतला. या खेपेला तिचा फोन नंबर माझ्याकडे होता आणि पहिल्या गैरहजेरीच्या दिवशी दुपारीच मी तो लावला.

अनेक कॉलेजांचे शरद सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते, आणि पुष्कळ मुले गळतात ती पहिल्या काही आठवड्यांत, पुस्तके आणि भाडे एकदम अंगावर येते तेव्हा. आपला गणेशोत्सवही त्याच सुमारास येतो. येत्या उत्सवात मंडपाच्या दाराशी शिध्यासाठी एक टेबल मांडावे आणि तांदूळ, डाळ, तेल, डबाबंद भाज्या असे टिकाऊ जिन्नस कॉलेजच्या अन्नकेंद्रासाठी गोळा करावेत, असा ठराव आपल्या पुढच्या बैठकीत घ्यावा ही विनंती. आमच्या भागातल्या मंडळाचा शिधा पोहोचवण्यासाठी माझी गाडी दहाही दिवस उपलब्ध आहे.

आपली नम्र,
कम्युनिटी कॉलेजातली एक मराठी शिक्षिका